तक्रारीची पोच आणि माणसाची मान्यता

(चेन्नई येथे मराठी भाषक रेल्वे व टपाल कामगारांसमोर केलेले भाषण)



'मान्यता' हा शब्द आपल्या चळवळीला नवा नाही. युनियनला मान्यता द्या, ही मागणी करीतच आपल्या अनेक संघटना वाढल्या. या मागणीचा एक मोठा अध्याय याच शहरात लिहिला गेला. 27 एप्रिल 1918 रोजी येथे मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. बकिंगहॅम आणि कर्नाटक गिरण्यांचे कामगार तिच्यात होते, बी. पी. वाडिया अध्यक्ष होते आणि तिरु. वि. कल्याणसुंदरम यांच्यासारखे नेते तिच्या पाठीशी उभे होते. मालकांनी युनियनला मान्यता तर दिली नाहीच, उलट 1920 मध्ये हायकोर्टातून पुढाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम मिळविला. 1921 मध्ये आपले ना. म. जोशी यांनी केंद्रीय विधिमंडळात संघटनांना कायद्याचे संरक्षण मिळावे असा ठराव मांडला आणि 1926 मध्ये ट्रेड युनियन कायदा झाला.

कारखान्यात मान्यता हवी, तशी ती गल्लीतही हवी. ड्युटी संपली की आपण नागरिक होतो. नळाला पाणी नाही, गटार तुंबले, रस्त्यावर दिवा नाही, तर आपण कोणाकडे जायचे?

चेन्नईची महानगरपालिका 1688 सालची, देशातील सर्वांत जुनी. तिचे मुख्यालय रिपन बिल्डिंग 1913 मध्ये सुरू झाले आणि आज तक्रार नोंदविण्याचा टेलिफोन क्रमांकही 1913 हाच आहे. शिवाय तामिळनाडूत दर सोमवारी जिल्हाधिकारी लोकांची गाऱ्हाणी ऐकतात. महाराष्ट्रात लोकशाही दिन आहेच. म्हणजे सोय नाही असे म्हणता येणार नाही.

मग अडते कुठे? आमच्या वस्तीने एकदा तुंबणाऱ्या पाण्याबद्दल अर्ज केला. काही दिवसांनी शेरा मिळाला, 'निकाली'. पाणी होते तिथेच होते. अर्ज कागदावर निकाली निघाला, पण पाहायला कोणी आले नाही. स्टेशनवरची तक्रारवही आणि टपालाची पोचपावती सांभाळणाऱ्या तुम्हा मंडळींना यातील मर्म सांगायला नको. पोच म्हणजे उत्तर नव्हे.

शेरा खोटा आहे हे भर सभागृहात विचारणारा निवडून आलेला नगरसेवक लागतो. या शहरात 1973 पासून 1996 पर्यंत निवडून आलेले सभागृहच नव्हते. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 रोजी अमलात आली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असे तिने स्पष्ट सांगितले. तरीही 2016 मध्ये मुदत संपल्यावर येथे फेब्रुवारी 2022 पर्यंत निवडणूक झाली नाही. मुंबईकरांनी हसू नये. तिथे मार्च 2022 मध्ये मुदत संपली आणि मतदान झाले ते जानेवारी 2026 मध्ये! दरम्यान प्रशासकाचा कारभार. प्रशासक कार्यक्षम असेलही, पण त्याला पुढच्या वेळी आपल्या दारात मते मागायला यावे लागत नाही.

2022 च्या निवडणुकीनंतर आर. प्रिया महापौर झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या दलित महिला. ही मान्यता लहान नाही. त्याच वर्षी राज्य सरकारने प्रभाग समित्या आणि क्षेत्रसभांचे नियमही केले. पण सभेला लोकच गेले नाहीत तर नियम कपाटात राहतील.

आता सन्मानाची गोष्ट. या शहराने कामगाराचा मान राखला आहे. 1 मे 1923 रोजी सिंगारवेलू यांनी भारतातील पहिला मे दिन येथील समुद्रकिनाऱ्यावर साजरा केला. आज चेन्नई जिल्हाधिकारी कचेरीची इमारत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मरीनावर देवीप्रसाद रायचौधुरींचा श्रमविजयाचा पुतळा 1959 पासून उभा आहे. चार माणसे जोर लावून खडक हलवीत आहेत. महानगरपालिकेच्या एका विभागाला तर तिरु. वि. क. नगर असे नाव आहे. मद्रास लेबर युनियनचे तेच कल्याणसुंदरम!

आणि ऑगस्ट 2025 मध्ये काय घडले? याच तिरु. वि. क. नगर आणि रायपुरम विभागातील सफाई कामगार रिपन बिल्डिंगसमोर तेरा दिवस बसले. साफसफाईचे काम खाजगी कंत्राटदाराकडे देण्यास त्यांचा विरोध होता. 13 ऑगस्टच्या रात्री पोलिसांनी त्यांना उठविले. दुसऱ्या दिवशी राज्य मंत्रिमंडळाने सफाई कामगारांसाठी मोफत न्याहारीसह अनेक योजना जाहीर केल्या. न्याहारीला कोणी नाही म्हणत नाही. पण मागणी नोकरीच्या हमीची होती. विभागाला कामगार पुढाऱ्याचे नाव द्यायचे आणि तेथील कामगाराचे म्हणणे रस्त्यावर ठेवायचे, याला मान्यता म्हणत नाहीत.

बंधूंनो, आपल्या गटाराची तक्रार शेवटी जाते कोणाकडे? याच सफाई कामगाराकडे. त्याची नोकरी पक्की नसेल तर आपली तक्रारही पक्की निकाली निघणार नाही. रहिवाशाचे गाऱ्हाणे आणि कामगाराचे गाऱ्हाणे, अशी दोन खाती पाडणे कारभाऱ्यांच्या सोयीचे आहे, आपल्या नाही.

म्हणून तीन गोष्टी करा. तक्रार एकट्याने करू नका. कॉलनीच्या सह्या घ्या, क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा. 'निकाली' शेरा आला तर जागेवर पाहणी मागा आणि प्रश्न क्षेत्रसभेत मांडा. भाषेची अडचण आली तर शेजारच्या तमिळ साथीला बरोबर घ्या. त्याच्या घरातही तेच पाणी शिरते. आणि आपल्या अर्जात सफाई कामगाराच्या मागणीची एक ओळ अवश्य घाला.

पुतळ्यातील खडक एकट्याने हलत नाही, म्हणून शिल्पकाराने चार माणसे घडविली. आपण तर त्याहून पुष्कळ आहोत.

कामगार एकजुटीचा विजय असो!