कुत्रं चावलं, अन् उद्या गाडी निघायची आहे

दसरा आटोपला की आपल्या बीड जिल्ह्यातली कितीतरी गावे ओस पडू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. समजा, निघायच्या आदल्या दिवशीच पोराच्या पोटरीला कुत्रं चावलं. आता काय करावे?

पहिले काम घरातच. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, तेल काही भरू नये. रोगाचे विषाणू लाळेतून येतात. धुण्याने ते पुष्कळसे निघून जातात.

मग तडक सरकारी दवाखाना. कुत्रे पिसाळलेले आहे की नाही, याची वाट पाहू नये. रक्त आले असल्यास जखमेतच आणखी एक औषध टोचतात. लशीने अंगात बळ यायला दिवस लागतात. तोवर हे औषध राखण करते. पोटातल्या चौदा सुयांची धास्ती मात्र सोडा, ती लस केव्हाच बंद झाली.

खरा घोटाळा पुढेच होतो. लस कातडीत टोचली तर पहिल्या सुईनंतर 3 ऱ्या, 7 व्या आणि 28 व्या दिवशी. स्नायूत टोचली तर 14 व्या दिवशीही. पहिली सुई अंबाजोगाईला झाली, अन् दुसरीच्या दिवशी बिऱ्हाड फडावरच्या कोपीत! जखम बुजलेली, खाडा परवडत नाही. पण विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे चालतच असतो, बहुधा एक ते तीन महिने. पाण्याचा घोट घेताना घसा आवळू लागला, की मग माणूस वाचत नाही असेच समजा.

1885 साली पॅरिसमध्ये लुई पाश्चरने नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला लस दिली. तोही परगावाहून आणलेला. एका सुईवर भागवले नाही; तेरा वेळा टोचले, अन् पोर वाचले.

म्हणून दवाखान्याचा कागद रेशनकार्डासारखा जपा. फडाजवळच्या सरकारी दवाखान्यात तो दाखवा. राहिलेली सुई तिथे घेता येते, त्यासाठी गावी परतायला नको.

गुरुजनांना एक विनंती. हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिलेले पोर रागावतील म्हणून चावा लपवते. त्याला जवळ घेऊन विचारा, अन् सुयांच्या तारखा आपल्या वहीत टिपून ठेवा. आईबाप फडावर असताना ती तारीख आठवणारे तुम्हीच असता.