शिंगराची घाई

हिंगोली जिल्हा झाला तो १९९९ सालीं. छावणीचें गांव म्हणून तें नांव पुष्कळ जुनें. निजामाच्या खर्चानें चालणाऱ्या हैदराबाद कंटिन्जंटचें घोडदळ तेथें असे. १९०३ सालीं हें दल हिंदी सैन्यांत मिळालें. तो रिसाला शिलेदारी पद्धतीचा. घोडा स्वाराच्या मालकीचा. त्याची पाठ बिघडली कीं स्वाराचें भांडवल बुडालें.

आज शेजारच्या नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवच्या यात्रेंतून हौसेनें शिंगरूं आणणारा मात्र पहिल्याच महिन्यांत रपेटीची अपेक्षा धरतो. शिंगराची उंची दिसते, हाडांचा कोवळेपणा दिसत नाहीं. पायांचीं हाडें तीन-साडेतीन वर्षांत पक्कीं होतात. कण्याचीं व्हावयास सहावें वर्ष उजाडतें. पुढचे दुधाचे दांतसुद्धां अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीनें पडतात. म्हणून तिसरें वर्ष लांब दोरीवर कावा फिरणें, हांकेसरशी थांबणें, खुरास हात लावूं देणें, एवढ्याचेंच. मग रिकामें खोगीर. पुढें हलका स्वार, तोहि थोडा वेळ, पावलाच्या चालीनें. चौथ्या वर्षीं दुडकीवर सरळ चालला तरी पुष्कळ झालें. भरधाव दौड त्यानंतर. अडेल म्हणून चाबूक खाणाऱ्या शिंगराची पुष्कळदां पाठच दुखत असते, किंवा लगामाची कडी तोंडास लागत असते. चाबूक उचलण्यापूर्वीं खोगीर उतरून हात फिरवून पाहावा.