चिलीम व हुक्का : सार्वजनिक आरोग्याचा दुर्लक्षित प्रश्न

(ग्रामीण आरोग्यविषयक व्याख्यानाचा संक्षिप्त मसुदा)

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तंबाखू भारतात आली व दख्खनमध्ये रुजली. अकबराच्या दरबारात ती पोहोचली तीही विजापुराहूनच. इ. स. १६०४ च्या सुमारास असद बेगने तेथून तंबाखू व रत्नजडित नळी आणली, तेव्हा बादशहाच्या हकिमाने या अपरिचित वस्तूस हरकत घेतली होती. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने धूम्रपानास मनाई केली. तिचा किती उपयोग झाला, हे गावोगावच्या पारांनी दाखवूनच दिले आहे.

खेड्यात या व्यसनाला रूप मिळाले ते मातीच्या चिलमीचे. आत खडा, वर तंबाखू, त्यावर विस्तव आणि तोंडाशी ओली छापी. एकाने भरावी व बसलेल्या चौघांनी ओढावी, ही रीत. आल्यागेल्यापुढे चिलीम करणे हा आदरातिथ्याचाच भाग. नाकारणारा शिष्ट ठरे. चिलीम सोडणे म्हणजे बैठक सोडणे, असे म्हाताऱ्या माणसास वाटते, ते यामुळेच. उपदेश करणाऱ्याने ही अडचण क्षुल्लक मानू नये.

ओल्या छापीने किंवा हुक्क्यातील पाण्याने धूर शुद्ध होतो, हा समज मात्र निखालस चुकीचा आहे. पाण्याने धूर थंड होतो, एवढेच. थंड धूर घशाला बोचत नाही, म्हणून तो अधिक खोल ओढला जातो. निकोटिन व कर्करोगकारक द्रव्ये शरीरात जातातच. शिवाय जळत्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वायू त्यात मिसळतो. एकच नळी अनेकांच्या तोंडी गेल्याने क्षयासारखे रोग पसरण्यास वाव मिळतो, तो वेगळाच.

या बाबतीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने केलेले काम मोलाचे आहे. डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच जिल्ह्यांतील ५०,९१५ ग्रामस्थांची घरोघर जाऊन मुखतपासणी केली; तिचे निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी गुजरातमधील भावनगर जिल्ह्यात 'हुकली' नावाची मातीची छोटी चिलीम ओढण्याची चाल होती. तोंडातील पांढरे चट्टे, ज्यांतून पुढे कर्करोग उद्भवू शकतो, तंबाखूच्या सवयींशी निगडित असल्याचे या पाहणीत दिसले. पाठोपाठ महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची अशीच तपासणी झाली. पुढे केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात तंबाखू सेवन करणाऱ्यांना त्यांच्या घरी जाऊन वर्षानुवर्षे समजावण्यात आले, तेव्हा असे नवे चट्टे उद्भवण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. सवय सुटत नाही, हे म्हणणे तेथे खोटे ठरले.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे वा मशेरी लावणारे २४.४ टक्के होते. म्हणजे पारावरची चिलीम विझली, पण तंबाखू घरातच राहिली. शहरी तरुणांत सुगंधी हुक्क्याच्या रूपाने ती परतली. राज्याने २०१८ मध्ये हुक्का पार्लरवर बंदी घातली ती याच कारणाने.

तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पुरते न उघडणे, ही लक्षणे शिक्षकास व पंचायत सदस्यासही ओळखता येतात. अशा माणसास त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. दुखत नाही म्हणून तो स्वतःहून जाणार नाही. सवय सोडू इच्छिणाऱ्यास १८००-११-२३५६ या विनाशुल्क राष्ट्रीय दूरध्वनीवर सल्ला मिळतो. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिण्यास खडूखेरीज कोणताही खर्च येत नाही.