दुखणे आणि धास्ती
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेले भाषण)



30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील भूमी हादरली, आणि अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून उशिरा निजलेली किल्लारी, सास्तूर व भोवतालची खेडी काही क्षणांत जमीनदोस्त झाली, हे मराठवाड्यातील श्रोत्यांस सांगावयास नको. मृतांचा आकडा 8,000 च्या घरात होता की 10,000 च्या, याविषयी निरनिराळ्या नोंदींत आजही एकवाक्यता नाही. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि त्यांवर लाकडी तुळयांनी पेललेले मातीचे जड माळवद, अशी त्या मुलखातील घरांची जुनी धाटणी. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छप्पर त्या पहाटे माणसांच्या अंगावर आले. पुढे पंचनामे झाले, जागतिक बँकेचे कर्ज मिळाले, 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली, आणि कोणास किती चौरस फुटांचे घर मिळाले याची तपशीलवार नोंद सरकारी दप्तरात झाली. परंतु ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्या माणसाच्या शरीराचे दुखणे आणि मनाची धास्ती ही दोन निराळ्या खात्यांची कामे नव्हेत, एकाच हाताने, एकाच ठिकाणी व एकाच वेळी त्यांची शुश्रूषा झाली पाहिजे, एवढेच मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

औसा तालुक्यातील एका वृद्ध बाईंचे उदाहरण घेतो. त्यांच्या मांडीवर तुळई पडून हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, हाड सांधले, क्ष-किरणांच्या चित्रात दोष म्हणून काही उरला नाही, आणि तरीही वर्षानुवर्षे त्या लंगडत, कण्हत आणि दर पंधरवड्यास दुखण्याच्या गोळ्या मागत आमच्या दवाखान्याची पायरी चढत राहिल्या. चित्र निर्दोष, म्हणून दुखणेही खोटे, असा निष्कर्ष काढून त्यांस वाटेला लावणे सोपे होते. परंतु एकदा स्वस्थपणे विचारले असता त्या म्हणाल्या, "रात्री तीनला डोळे उघडतेतच बघा सायेब, अन् मग पाय ठणकायला लागतो." या वाक्यातील क्रम ध्यानी घेण्याजोगा आहे. पाय ठणकतो म्हणून जाग येत नव्हती. आधी जाग येत होती, छातीत धडधड होत होती, सारे अंग त्या जुन्या पहाटेची चाहूल घेत ताठरत होते, आणि त्या ताठरलेल्या स्नायूंत वेदना मागाहून जागी होत होती.

यात गूढ असे काही नाही. 1965 साली मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की, इजा झालेल्या जागेपासून निघालेली वेदनेची वर्दी मेंदूपर्यंत सरळ पोहोचत नाही. पाठीच्या कण्यात तिला जणू एक द्वार ओलांडावे लागते, आणि ते द्वार किती उघडे ठेवावयाचे याविषयी वरून मेंदूचेही हुकूम सुटत असतात. त्या सिद्धांताच्या तपशिलात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण मुख्य गोष्ट टिकली. भय, निद्रानाश, शोक आणि एकटेपणा यांनी ते द्वार सताड उघडते. निर्धास्त झोप, विश्वासाच्या माणसाचा स्पर्श आणि संथ श्वास यांनी ते काहीसे लोटले जाते. उच्छ्वास लांबविला की प्राणदा नाडी या मज्जातंतूच्या द्वारे हृदयाची गती मंदावते, हे तर नाडीवर बोट ठेवून कोणासही आपल्या घरी पाहता येईल.

त्या बाईंस आमच्या व्यायामोपचार करणाऱ्या ताईंनी प्रथम चटईवर उताणे निजविले, गुडघ्यांखाली घडी केलेले घोंगडे सरकविले, एक तळवा पोटावर ठेवावयास सांगितला, आणि बशीतला चहा निववावा तशी ओठांचा चंबू करून हलकेच, लांब फुंकर सोडावयास शिकविले. शेक, तेलाचे मर्दन आणि मांडीचे व्यायाम हे सारे त्यानंतर. काही दिवसांनी त्या चटईवरच, कोणी न विचारता, त्यांनी त्या रात्रीची हकीकत सांगितली. हुंदके आवरेपर्यंत ताई त्यांचा पाय हातात धरून बसून राहिल्या. त्या दिवशी व्यायाम झाला नाही, आणि तो झाला नाही हेच योग्य झाले. वेदना नाहीशी झाली असे मी सांगणार नाही. गोळ्या पुष्कळ कमी झाल्या, काठी घेऊन शेताच्या बांधापर्यंत जाणे सुरू झाले, पहाटेची जाग मात्र अधूनमधून येतच राहिली, आणि पक्क्या छताखाली निजणे त्यांनी अखेरपर्यंत टाळले.

शरीराच्या वाटेने मनाकडे जाण्याचा हा मार्ग आपल्या भूमीस परका नाही. चरकसंहितेत औषधयोजनेच्या बरोबरीने मनाला अहितकर विषयांपासून आवरण्याची, सत्त्वावजय नावाची, स्वतंत्र चिकित्सा सांगितली आहे. परंतु ग्रंथात आहे म्हणून ते सिद्ध आहे, असे मानण्याची वृत्ती मला मान्य नाही. आणि याच कारणास्तव मला स्वामी कुवलयानंदांचे मोठे ऋण वाटते. 1924 साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले, आणि उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी पोटात प्रत्यक्ष काय घडते हे क्ष-किरणांच्या व दाबमापकाच्या साह्याने तपासून जसे दिसले तसे छापले. योगाविषयी नितांत श्रद्धा असलेल्या पुरुषाने तो मोजमापाच्या कसोटीस लावावा, हे धैर्य त्या काळी सामान्य नव्हते. 2017 साली अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या एका प्रमुख संस्थेने जुनाट कंबरदुखीवर गोळ्यांच्या आधी व्यायाम, योग आणि सजगतेचे ध्यान यांचा अवलंब करावा अशी शिफारस केली, तीही अशाच मोजमापांच्या आधारावर.

आमच्या भागास साधनांची अगदीच वाण आहे असे नाही. नांदेडास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि शासकीय आयुर्वेद महाविद्यालयही आहे. लातुरात विवेकानंद रुग्णालय 1966 पासून चालू आहे. भूकंपानंतर डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने पुण्याच्या मनोविकारतज्ज्ञांनी बाधित खेड्यांत जाऊन तेथील लोकांच्या मनःस्थितीचा अभ्यास केला, ही त्या काळी आपल्या देशात विरळ म्हणावी अशी गोष्ट होती. उणीव आहे ती या साऱ्यांमधल्या बोलण्याची. रुग्ण वैद्याचा काढा घेत असतो आणि ते डॉक्टरांपासून लपवितो, कारण डॉक्टर रागावतील. डॉक्टर विचारीत नाहीत, कारण रांग मोठी असते. आणि मनाच्या डॉक्टरकडे जावे तर गाव वेडा म्हणेल, ही भीती त्या दोहोंच्या वर.

येथे एक इशारा मला स्पष्ट शब्दांत दिला पाहिजे. श्वासाने क्षयरोग बरा होत नाही, मर्दनाने मोडलेले हाड सांधत नाही, आणि आसनांच्या भरवशावर मधुमेहाचे इन्सुलिन बंद करणे हा जिवाशी खेळ आहे. मणक्यास इजा झालेल्या माणसास पुढे वाकावयास लावणारा, रक्तदाबाच्या रुग्णास श्वास कोंडून धरावयास किंवा शीर्षासन करावयास सांगणारा शिक्षक, तो कितीही भाविक असो, अपाय करतो. तसेच ज्याच्या मनावर जबर आघात झाला आहे, त्यास डोळे मिटून दीर्घकाळ ध्यानास बसविले तर कधी कधी ती रात्रच त्याच्यापुढे उभी राहते. अशा माणसाचे डोळे उघडे असू द्यावेत, पाय जमिनीस टेकलेले असावेत, आणि दार त्याला दिसेल अशा बाजूस त्यास बसवावे. या बारीकसारीक गोष्टी शिकलेली माणसे हवीत, आणि त्या शिकविण्यास फार मोठा खर्च येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, औसा, निलंगा, लोहारा आणि उमरगा या तालुक्यांतील ग्रामीण रुग्णालयांत व्यायामोपचाराच्या खोलीतच आठवड्यातून एक सकाळ अशी राखून ठेवावी की, त्या दिवशी हाडांचे डॉक्टर, मनाचे डॉक्टर, वैद्य आणि योगशिक्षक एकाच रुग्णाचा एकच कागद वाचतील. आणि गावोगावच्या आशाताईंनी एवढे करावे: सरकारी नोंदीत तारीख 30 सप्टेंबर असली, तरी त्या पिढीच्या अंगाने तिथी धरून ठेवली आहे, आणि ढोल-ताशे सुरू झाले की दवाखान्यात कंबर, गुडघे आणि डोके धरून येणारी म्हातारी माणसे वाढतात, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. तेव्हा गणपती बसल्यापासून विसर्जनापर्यंतच्या दिवसांत, ज्या घरात त्या वेळची माणसे आहेत, तेथे संध्याकाळी जाऊन बसावे, झोप लागते का ते विचारावे, आणि मगच दुखणे कोठे आहे ते विचारावे.