रांग, गर्दी आणि आपण
(संस्थेच्या कौटुंबिक सहलीपूर्वी झालेल्या सभासदांच्या सभेतील भाषण)



सहल समितीने मला दोन शब्द बोलावयास सांगितले आहे. विषय थोडा वेगळा आहे. मनोरंजन उद्यानात आपल्याला जे उद्धट लोक भेटतात, त्यांच्याशी कसे वागावे? कोणी म्हणेल, यावर भाषण कशाला? सहलीला जायचे, मजा करायची आणि परत यायचे. परंतु गेल्या सहलीनंतर अनेक सभासदांनी हाच विषय काढला, म्हणून तो आज घेत आहोत.

मुंबईजवळ गोराई येथे 1989 साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, 1998 साली त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आले आणि 2013 साली खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले. पूर्वी जत्रेतल्या पाळण्यावर समाधान मानणारे आपण आता कुटुंबासह अशा ठिकाणी जाऊ लागलो. चार माणसांच्या कुटुंबाला हा खर्च सोपा नाही. कोणी बोनसमधून, तर कोणी भिशीच्या पैशांतून तो करतो. वर्षातून एकदा मिळणारा तो दिवस एखाद्या अनोळखी माणसाच्या अरेरावीने नासतो, तेव्हा मनाला फार लागते.

उद्धट माणूस ही आपल्याच देशाची मिरास आहे असे समजू नका. अमेरिकेत 17 जुलै 1955 रोजी डिस्नेलँड उघडले. तो दिवस फक्त निमंत्रितांसाठी होता. तरीही बनावट प्रवेशपत्रे घेऊन हजारो लोक आत घुसले आणि एकच गोंधळ उडाला. म्हणजे घुसखोर पाहुणा हा अशा उद्यानांच्या पहिल्या दिवसापासूनचा पाहुणा आहे.

मी बँकेत रोख खिडकीवर बरीच वर्षे काढली आहेत. पूर्वी पैसे काढणाऱ्याला पितळी टोकन देत असू, नंतर यंत्रातून छापील नंबर येऊ लागला. या अनुभवावरून एक गोष्ट खात्रीने सांगतो. माणूस थांबण्याने जितका चिडत नाही, तितका अन्यायाने चिडतो. पगाराच्या दिवशी तासभर शांतपणे बसलेला ग्राहक, त्याच्या मागून आलेल्याचे काम आधी झालेले दिसताच ताडकन उठतो. डेव्हिड मेस्टर नावाच्या अभ्यासकाने 1985 साली हेच मांडले. रिकामे बसून काढलेला वेळ जास्त वाटतो, किती थांबायचे हे ठाऊक नसले तर तो आणखी वाढतो आणि अन्याय होतो आहे असे वाटले तर तो असह्य होतो. मोठ्या उद्यानांत रांग नागमोडी फिरवतात, अमुक ठिकाणाहून किती मिनिटे लागतील याच्या पाट्या लावतात, त्यामागे हाच विचार आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. समोरच्या माणसाचे तीन प्रकार ओळखावेत.

पहिला अजाण. त्याला रांगेचे शेवटचे टोक दिसलेले नसते, किंवा तो हरवलेल्या मुलाला शोधत असतो. काही उद्यानांत जादा पैसे देऊन वेगळ्या रांगेने जाण्याचे तिकीट मिळते. तो तेथून गेला तर ती घुसखोरी नव्हे. म्हणून पहिले वाक्य नेहमी माहितीचे असावे. "दादा, रांग मागून आहे." एवढेच. आवाज न चढवता. बहुतेक लोक ओशाळून मागे जातात.

दुसरा प्रकार अरेरावाचा. त्याला रांग दिसते, पण ती इतरांसाठी आहे असे तो मानतो. येथे एका प्रयोगाची माहिती उपयोगी पडेल. स्टॅन्ली मिलग्रॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क शहरात 129 रांगांमध्ये मुद्दाम माणसे घुसवून पाहिली. तो अभ्यास 1986 साली प्रसिद्ध झाला. घुसखोराला प्रत्यक्ष धरणे, ढकलणे असे प्रकार साधारण दहांपैकी एकाच रांगेत घडले. हरकत बहुधा घुसखोराच्या लगेच मागे असलेला माणूस घेतो. तो गप्प राहिला, तर त्याच्या मागचेही बहुतांशी गप्प राहतात. यातून आपण काय घ्यावे? लगेच मागे उभे असाल तर बोलण्याची जबाबदारी तुमची आहे. आणि चार माणसे मागे असाल तर पुढच्याने तोंड उघडताच "बरोबर आहे त्यांचे" एवढे म्हणण्याची जबाबदारीही तुमचीच आहे. एकट्याचा शब्द भांडण वाटतो, तर चौघांचा शब्द नियम वाटतो. तरीही तो ऐकत नसेल तर राईडवरील कर्मचाऱ्याला सांगावे. बाही वर सारू नये. मुलांसमोर झालेली बाचाबाची मुलांच्या लक्षात राहते, पाळणा राहत नाही.

तिसरा प्रकार धोकादायक, आणि त्याच्याबाबत संकोच नको. पाण्याच्या उंच घसरगुंडीवर पुढचा माणूस खालच्या कुंडातून बाहेर पडल्यावरच कर्मचारी दुसऱ्याला सोडतो. मागून कोणी ढकलले, दोघे-तिघे एकदम घसरले, तर खालच्याच्या मानेला, पाठीला इजा होऊ शकते. उंचीची पट्टी मुलांचा अपमान करण्यासाठी लावलेली नसते. सुरक्षा दांडा मोठ्या शरीराच्या मापाने केलेला असतो, लहान मूल त्यातून निसटू शकते. "आमच्या पोराला का सोडत नाही?" म्हणून कर्मचाऱ्याच्या अंगावर जाणारा बाप स्वतःच्याच मुलाच्या जिवाशी खेळत असतो. अशा वेळी आपण कर्मचाऱ्याच्या बाजूने उभे राहावे. तो बिचारा दिवसभर उन्हात उभा असतो आणि शिव्या मात्र त्यालाच बसतात.

याच प्रकारात महिलांना त्रास देणारे येतात. गेल्या सहलीतील गोष्ट सांगतो. उद्यानाचे नाव घेत नाही. पाण्यात उतरलेल्या आपल्या एका भगिनीवर चार तरुणांनी शेरे मारले, मोबाईल रोखला. ती मुकाट्याने बाहेर आली आणि उरलेला दिवस सर्वांच्या पिशव्या सांभाळत बाकावर बसून राहिली. तिची नऊ वर्षांची मुलगीही आईजवळून हलली नाही. दोघींच्या तिकिटांचे पैसे गेले, ते एक वेळ सोडून देऊ. पण त्या मुलीने त्या दिवशी जे गमावले, ते कोणत्या पासबुकात नोंदवायचे? घरी आल्यावर काहींनी विचारले, "ती पाण्यात उतरलीच कशाला?" बंधूंनो, हा प्रश्न उलटा आहे. ते चौघे पाण्यात राहिले आणि ती बाहेर बसली, हे कसे झाले, असे आपण विचारले पाहिजे.

महिलेच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द व हावभाव भारतीय न्याय संहितेच्या कलम 79 प्रमाणे गुन्हा आहे. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. जीवरक्षकाला किंवा सुरक्षा कर्मचाऱ्याला तत्काळ बोलवावे, कपड्यांचा रंग, जागा, वेळ सांगावी आणि गरज पडल्यास 112 क्रमांकावर फोन करावा. मुख्य म्हणजे त्या भगिनीभोवती आपण दहा जणांनी पाण्यातच जाऊन उभे राहावे. तिला बाहेर काढणे म्हणजे तिचे संरक्षण नव्हे.

शेवटी आपल्याविषयी. आपण पन्नास-साठ जण एका बसने जातो. एकाने रांगेत उभे राहायचे आणि नंबर जवळ आला की मागून बारा जणांनी शिरायचे, असे घडले तर मागच्या कुटुंबाच्या लेखी उद्धट आपणच. "आमचा माणूस उभा होता" हे उत्तर त्यांना पटणार नाही. बँकेत एका टोकनवर एकाच माणसाचे काम होते. म्हणून समितीला माझी सूचना आहे की सहा-सात जणांचे गट करावेत, प्रत्येक गटाला एक प्रमुख असावा, गटाने एकत्रच रांगेत लागावे आणि भेटण्याची जागा व वेळ आधीच ठरवावी. लहान मुलांच्या खिशात पालकांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

रांग कोणाचे आडनाव विचारीत नाही, हुद्दा विचारीत नाही. जो आधी आला तो आधी, एवढाच तिचा कायदा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मागे उभे केले गेले, त्यांना या साध्या कायद्याची किंमत अधिक कळते. तो आपण पाळावा, आणि दुसऱ्याने मोडला तर शांतपणे पण स्पष्टपणे बोलावे.

सहल रविवारी आहे. बस सकाळी ठीक सहा वाजता निघेल. त्या भगिनीने या वेळी पुन्हा नाव नोंदविले आहे, याचा मला विशेष आनंद वाटतो.