टाचेतील रक्ताचा थेंब



मी काही वैद्य नव्हे. केंद्र सरकारच्या दप्तरात आयुष्य गेलेला माणूस. तथापि जुन्या घराण्यांतून ऐकू येणाऱ्या एका हकिकतीविषयी बोलण्याची अनुज्ञा घेतो. बाळ चांगले जन्मले, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ओकू लागले, सुकले आणि गेले. कोणी दृष्ट म्हणाले, कोणी दूध बाधले म्हणाले.

अशा काही मृत्यूंच्या मुळाशी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा जन्मजात दोष असतो. एक विकर कमी पडल्याने कॉर्टिसोल आणि शरीरातील मीठ राखणारे अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके पुरेशी बनत नाहीत. त्यांचा कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. मुलीच्या जननेंद्रियांत त्यामुळे वेगळेपण दिसते व शंका तरी येते. मुलगा मात्र निरोगी दिसतो, आणि म्हणूनच हातचा जातो. दोष आई व वडील दोघांकडून यावा लागतो. मामाची मुलगी करण्याची आपली हौस येथे महाग पडू शकते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २००७ ते २०१२ या काळात मुंबईसह पाच महानगरांत लाखावर नवजातांच्या टाचेतील रक्त तपासले. ५,७६२ बालकांमागे एक असे प्रमाण निघाले. चेन्नईत त्याहून पुष्कळ अधिक. जबलपूर त्यांत नव्हते.

उपचार आहेत: हायड्रोकॉर्टिसोन, मीठ राखणारे औषध, तान्ह्याला थोडे वरचे मीठ. गोळी जन्मभराची. तापात डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा वाढवावी लागते. मनाने थांबवणे प्राणावर बेतते. घरात बाळंतपण असेल त्यांनी ही तपासणी होते काय, एवढे प्रसूतिगृहात आधीच विचारून ठेवावे.