जुन्या जीपचे इंजिन

मुंबईहून गोव्याकडे जाणारा राजमार्ग सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिरला आणि खारेपाटण मागे पडले, की थोड्याच वेळात तळेरे हे गाव लागते. गाव लहान, परंतु त्याचे स्थान मोठ्या मोक्याचे आहे. येथून एक रस्ता पश्चिमेस विजयदुर्गाच्या बंदराकडे उतरतो, तर दुसरा पूर्वेस वैभववाडीवरून करूळचा घाट चढून गगनबावड्यास व पुढे कोल्हापुरास जातो. एका बाजूस समुद्राची खारी हवा, दुसऱ्या बाजूस सह्याद्रीचा उभा चढ, मध्ये जांभ्याची तांबडी धूळ, आणि वर्षातले चार महिने मुसळधार पाऊस! मोटारीची परीक्षा पाहण्यास याहून अवघड जागा शोधूनही सापडणार नाही. अशा मुलखात अनेक घरांच्या मांगरात अथवा खळ्याच्या कडेस एखादी जुनी जीप उभी असते. चाकरमानी गणपतीला गावी येतात तेव्हा तिची आठवण होते. रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले आणि त्यास घाट चढून कोल्हापुरास नेण्याची वेळ आली, म्हणजे मात्र ही आठवण कौतुकाची राहत नाही. ती गाडी चालू होईल काय, आणि चालू झाली तर घाटमाथा गाठील काय, एवढाच प्रश्न तेव्हा उरतो.

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी जीपचा जन्म कसा झाला हे पाहणे उचित होईल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यास हलकी, चारही चाकांना गती मिळणारी गाडी हवी होती. १९४१ पासून विलिस व फोर्ड या कंपन्यांनी अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. आपल्याकडे १९४५ साली ‘महिंद्र आणि महंमद’ ही पेढी स्थापन झाली. देशाच्या फाळणीनंतर तिचे एक भागीदार पाकिस्तानात गेले आणि १९४८ साली पेढीचे नाव ‘महिंद्र आणि महिंद्र’ असे झाले. परदेशातून सुटे भाग आणून येथे जीप जोडण्याचे काम याच पेढीने आरंभिले, आणि पुढे हळूहळू ते भागही येथेच घडू लागले. डाक बंगल्यापासून धरणाच्या बांधकामापर्यंत जेथे सडक संपे तेथे जीप सुरू होई, असा एक काळ या देशाने पाहिला आहे.

विलिसच्या त्या मूळ इंजिनाची रचना अभ्यासण्याजोगी आहे. त्यात चार नळकांडी असून त्यांचा व्यास सुमारे ७९ मिलिमीटर, तर दट्ट्याची धाव सुमारे १११ मिलिमीटर आहे. एकूण आकारमान सुमारे २२०० घनसेंटिमीटर भरते आणि शक्ती ६० अश्वशक्तींची. व्यास लहान व धाव लांब असल्यामुळे हे इंजिन कमी फेऱ्यांतही ओढ घेते, आणि चिखलात अथवा चढावर नेमकी तीच हवी असते. झडपा बाजूस बसविलेल्या, दाब माफक, भाग मोजके. साधा पाना हाती धरता येणाऱ्या माणसास ते उलगडता येते. विश्वासूपणाचे पहिले बीज या साधेपणात आहे.

तथापि साधेपणा म्हणजे अमरत्व नव्हे. थोडा हिशेब करून पाहावा. इंजिन मिनिटास २००० फेरे घेत असेल, तर तासाभरात १,२०,००० फेरे होतात. प्रत्येक नळकांड्यात ६०,००० वेळा स्फोट होतो. धातूवर धातू इतक्या वेळा फिरूनही झिजत नाही, याचे कारण त्यांच्यामध्ये असलेला तेलाचा पातळसा पडदा. तो फाटला की काही मिनिटांत इंजिन निकामी होते. तीच गोष्ट झडपांची. या मूळ इंजिनात झडप व तिला उचलणारा टॅपेट यांच्यामध्ये इंचाच्या हजार भागांपैकी सोळा भागांची, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटरची फट राखावी लागते. झडप तापली म्हणजे लांबते, आणि त्या लांबण्यास ही जागा असते. फट बुजली तर झडप पुरती मिटत नाही, तिच्या कडेने जळते वायू निसटतात आणि झडप जळून जाते. फटीची तपासणी अर्ध्या तासाचे काम, तर जळलेली झडप बदलणे म्हणजे हेड उतरविण्याचा खटाटोप!

पुढे पेट्रोल महाग झाले व जीपमध्ये डिझेल इंजिने आली. १९८० नंतरच्या पुष्कळ गाड्यांत फ्रान्समधील प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनलेले २११२ घनसेंटिमीटरचे इंजिन असे. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने इंधन पेटते. प्लग, कॉइल, पॉइंट यांचे प्रयोजन उरत नाही, आणि म्हणून कोकणातील दमट हवेत ओल्या तारांमुळे गाडी बंद पडण्याचा त्रासही चुकतो. परंतु एक त्रास गेला तसा दुसरा आला. डिझेलचा पंप व नोझल यांची घडण अतिशय बारीक असते. टाकीत जमलेले पाणी अथवा गाळ तेथवर पोहोचला की ते खराब होतात. म्हणून इंधनाचा फिल्टर वेळच्या वेळी बदलणे आणि त्याच्या तळाशी साचलेले पाणी सोडून देणे, हा डिझेल गाडीचा नित्यनेम समजावा.

जुन्या इंजिनाचे शत्रू मुख्यतः तीन: धूळ, उष्णता व पाणी. धुळीचा विचार आधी करू. वर सांगितलेले डिझेल इंजिन तासाभरात शंभर घनमीटरांच्या आसपास हवा ओढते, म्हणजे दहा फूट लांब, रुंद व उंच अशा तीन-चार खोल्या भरतील इतकी हवा. कच्च्या रस्त्यावर ती हवा तांबड्या धुळीने भरलेली असते. एअर क्लीनरमधील तेल घट्ट झाले, किंवा त्याची रबरी नळी भेगाळली, तर ही धूळ नळकांड्यात शिरून रिंगांना कानशीसारखी घासते. दहा रुपयांच्या क्लिपेकडे दुर्लक्ष झाल्यामुळे सारे इंजिन खोलावे लागते, ते असे.

उष्णतेची परीक्षा घाटात होते. चढावर गाडीची गती मंद, म्हणून रेडिएटरवर वारा कमी, आणि इंजिनावर भार मात्र सर्वाधिक. रेडिएटरच्या जाळीत चिखल वाळून बसला असेल, पंख्याचा पट्टा सैल असेल, तर पाणी उकळणारच. अशा वेळी पुष्कळ मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला देतात. हा उपाय रोगाहून वाईट होय. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन सपाट रस्त्यावर पुरते तापत नाही, तेलातील ओलावा उडून जात नाही, आणि तेलाचा गाळ होतो. इंजिन का तापते याचे कारण शोधावे. तापणे दाखविणाऱ्या वा आवरणाऱ्या साधनाची हकालपट्टी करू नये.

पाण्याचा धोका सर्वांत आकस्मिक आहे. पावसाळ्यात व्हाळ ओलांडताना पाणी एअर क्लीनरवाटे आत गेले, तर हवा दबते तसे पाणी दबत नाही. दट्ट्या अडतो आणि त्याचा दांडा वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल्फ मारून चालू करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. आधी प्लग, अथवा डिझेल गाडीत नोझल काढून इंजिन हळूहळू फिरवावे व आतले पाणी बाहेर पडू द्यावे. मग तेलाची कांडी पाहावी. तेल दुधाळ दिसले तर ते बदलल्यावाचून गाडी हलवू नये.

या तिन्हींहून कपटी असा चौथा शत्रू आहे, तो म्हणजे विश्रांती. अकरा महिने उभी राहिलेली गाडी झिजत नाही, असा गृहस्थांचा समज असतो. वस्तुतः तिचे पेट्रोल चिकट होते, बॅटरी मरते, ब्रेकच्या तेलात ओलावा मुरतो, खारी हवा झडपांवर गंज चढविते आणि उंदीर तारा कुरतडतात. मग गावचा शेजारी आठवड्यातून पाच मिनिटे गाडी चालू करून ठेवतो, आणि मालक मुंबईत निश्चिंत असतो. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही. ज्वलनातून झालेली वाफ मात्र आत थिजून पाणी होऊन राहते. त्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर गाडी खरोखर चालवावी. आणि तेल किलोमीटरांच्या आकड्यावर न ठेवता निदान वर्षातून एकदा बदलावे.

इंजिन बोलत नाही असे म्हणतात, पण धुराच्या भाषेत ते बोलत असते. निळसर धूर निघाला तर तेल जळत आहे. काळा निघाला तर इंधन अधिक वा हवा अपुरी. आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबला नाही तर पाणी आत येत असावे, किंवा इंधन नीट जळत नसावे. ही भाषा जाणणारे मिस्त्री कानाने आजार ओळखतात. मोठ्या कामास, नळकांडी बोअर करण्यास वगैरे, घाटावर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील कारखाने आहेत. परंतु चांगल्यात चांगल्या मिस्त्रीसही मालकाने काय केले आणि केव्हा केले हे सांगितल्यावाचून अर्धेच कळते. म्हणून एक साधी वही गाडीत असावी. तेल कधी बदलले, फिल्टर कधी, पट्टा कधी, हे तिच्यात तारखेसह लिहावे.

आजच्या कायद्याप्रमाणे खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. जुनी जीप ठेवावी की मोडीत काढावी, हा निर्णय ज्याचा त्याने करावा. झिजलेले ब्रेक व कुजलेली चौकट घेऊन मायेपोटी गाडी बाळगणे हे प्रेम नव्हे, जोखीम होय. मात्र ठेवायची असेल तर ती ठेवल्यासारखी ठेवावी. करूळच्या घाटात मध्यरात्री पाऊस कोसळत असताना, मागच्या बाकावर आजारी माणूस कण्हत असताना, इंजिनाची कोणीही मनधरणी करू शकत नाही. ते चढेल की नाही, हे त्या रात्री ठरत नसते. ते ठरलेले असते कित्येक महिने आधी, एखाद्या कोरड्या सकाळी, कोणी तेलाची कांडी पुसून पाहिली होती की नाही, यावर.